हॉलसाठी ऑफ-व्हाइट: पिवळसर झाक घ्यावी की करडी?

मदत हवी आहे. हॉलमध्ये थेट ऊन येत नाही, म्हणून भिंतींना फिकट रंग द्यायचा हे पक्कं. अडलंय ते झाकेवर. नमुन्याचे पट्टे मारून पाहिले: करडी झाक दिवसा चक्क निळसर दिसते, आणि क्रीमकडे झुकणारा रंग रात्री २७०० केल्विनच्या (म्हणजे पिवळसर उजेडाच्या) दिव्यांखाली पार पिवळा. ४००० केल्विनचे (जास्त पांढऱ्या उजेडाचे) दिवे लावले तर फरक पडेल का? फरशी तांबूस, सोफा गडद तपकिरी. (सोफा बदलायचा नाही, त्यावर घरात मतदान झालंय!) छताला शुद्ध पांढरा दिला तर भिंती मळकट वाटतील का? शिवाय मॅटमध्ये (बिनचमकीच्या रंगात) भिंतीचे उंचवटे लपतात, पण मुलांच्या हातांचे डाग पुसायला सॅटिन (हलक्या चमकीचा रंग) सोपं. तुम्ही काय निवडलंत?