जपानी विनाशिकांची ओळख कुठून सुरू करावी? आणि हिरोशिमा-फुकुओकाला काय बघावं?

किनारा

नमस्कार मंडळी. दहावीची परीक्षा संपल्यापासून मुलगा जहाजांची मॉडेलं जोडतोय. टामियाची १/३५० मापाची ‘युकिकाझे’ पूर्ण झाली. आता त्याला दुसऱ्या महायुद्धातल्या जपानी विनाशिकांबद्दल नीट वाचायचंय, आणि त्याच्याबरोबर मलाही. शोधायला गेलं की सगळं यामातो ही महाकाय युद्धनौका आणि विमानवाहू नौकांभोवतीच फिरतं. आधी कोणती लढाई, कोणतं जहाज घ्यावं? शिवाय ऑक्टोबरात आम्ही थोडे दिवस हिरोशिमा आणि फुकुओकाला असू. या जहाजांचं तिकडे काही शिल्लक आहे का?

दर्यावर्दी

किनाराताई, युकिकाझेपासून सुरुवात करू नका. कागेरो वर्गाच्या १९ विनाशिकांपैकी युद्धाच्या शेवटी ती एकटी उरली. तिची गोष्ट वाचताना सगळं नशिबावर येऊन थांबतं, आणि बाकीच्या १८ कशा बुडाल्या हा महत्त्वाचा प्रश्न मागे पडतो. त्यापुढच्या युगुमो वर्गातल्या १९ पैकी तर एकही वाचली नाही.

माझं मत, ३० नोव्हेंबर १९४२ ची रात्र घ्या. प्रशांत महासागरातल्या ग्वाडलकनाल बेटाजवळची तासाफारोंगाची लढाई. रिअर अ‍ॅडमिरल राइझो तानाका आठ विनाशिका घेऊन निघाले होते. त्यातल्या सहांच्या डेकवर रसद भरलेले पत्र्याचे ड्रम होते, एकेका जहाजावर दोनशेच्या वर. त्या ओझ्यासाठी जादाचे पाणतीर (टॉर्पेडो) मागे ठेवावे लागले होते. समोर अमेरिकेच्या पाच क्रूझर, सहा विनाशिका आणि रडार. तरी नॉर्दम्प्टन बुडाली आणि मिनियापोलिस, न्यू ऑर्लिन्स, पेन्साकोला या तिघींची दुर्दशा झाली. जपानची गेली ती एकटी ताकानामी.

हे जमलं ते टाइप ९३ पाणतिरामुळे. व्यास ६१ सेंमी, स्फोटकं ४९० किलो. इंधन जाळायला हवेऐवजी शुद्ध ऑक्सिजन, त्यामुळे पाण्यावर बुडबुड्यांची रेघ फारशी उमटत नसे. सर्वाधिक वेगातही पल्ला २० किमी. या विनाशिका त्याच्याभोवतीच बांधल्या होत्या: अंधारात शिरायचं, मोठ्या जहाजांवर पाणतीर सोडायचे आणि निसटायचं.

पण त्या रात्री ड्रम किनाऱ्यावर पोचलेच नाहीत. बेटावरच्या सैन्याची उपासमार चालूच राहिली. लढाई जिंकली आणि ज्या कामासाठी आले होते ते काम राहिलं! तीनच दिवसांनी, ३ डिसेंबरला, तानाकांनी १,५०० ड्रम समुद्रात सोडले, त्यातले ३१० हाती लागले. हे सगळं निरर्थक आहे असं तानाका वर कळवत राहिले. पुढे त्यांना आघाडीवरून काढून शेवटी ब्रह्मदेशात किनाऱ्यावरच्या नेमणुकीवर पाठवलं. मुलाला हा आकडा आधी सांगा, १,५०० पैकी ३१०. पुढच्या तीन वर्षांत या जहाजांचं काय झालं ते त्यावरून उलगडत जातं.

अबोली

दर्यावर्दी, तुमचं म्हणणं पटतं, पण सोळा वर्षांच्या मुलाला मी आधी इकाझुचीची गोष्ट सांगेन. जावाच्या समुद्रात १ मार्च १९४२ ला ब्रिटिश विनाशिका एन्काउंटर बुडाली. तिचे खलाशी रात्रभर तेलाने माखलेल्या पाण्यात तरंगत होते. दुसऱ्या दिवशी इकाझुचीचे कप्तान शुनसाकू कुदो यांनी जहाज थांबवलं आणि ४४२ शत्रुसैनिकांना वर घेतलं. स्वतःच्या जहाजावर माणसं त्याच्या निम्मीच. पाणबुड्यांच्या टापूत जहाज थांबवणं म्हणजे काय, हे तुम्हाला मी सांगायला नको. वाचलेल्यांत सॅम फॉल नावाचे तरुण अधिकारी होते, ते पुढे ब्रिटनचे राजदूत झाले आणि २००८ मध्ये, नव्वदीच्या उंबरठ्यावर, कुदोंच्या कबरीवर जाऊन आले. वाचलेले सगळे पुढे युद्धकैदीच झाले आणि त्या छावण्या भयंकर होत्या, हेही त्याला सांगा. तरी त्या दिवशी कुदोंनी जे केलं ते मला फार मोठं वाटतं.

दर्यावर्दी

अबोली, सहमत. मी ती गोष्ट अजून पुढे वाचायला सांगेन. एप्रिल १९४४ मध्ये इकाझुचीला हार्डर या अमेरिकी पाणबुडीने बुडवलं, एकही माणूस वाचला नाही. (कुदो तोवर दुसऱ्या नेमणुकीवर गेले होते.) त्याच हार्डरने जूनमध्ये फिलिपिन्समधल्या तावी-तावी बेटाच्या आसपास मिनाझुकी, हायानामी आणि तानिकाझे या तीन विनाशिका अवघ्या काही दिवसांत बुडवल्या. पाणबुडीची शिकार करायची ती विनाशिकेने, इथे नेमकं उलटं झालं. पाणतिरांवर जीव ओतला, सोनार आणि काफिल्यांच्या रक्षणाकडे उशिरा लक्ष गेलं. त्यात अमेरिकेने एकट्या फ्लेचर वर्गाच्या १७५ विनाशिका बांधल्या. ही भरपाई जपानला कुठून जमणार!

फुकुओकावासी

बघण्याबद्दल मी सांगतो. वाकामात्सुचा बंधारा चुकवू नका. किताक्युशूत आहे, फुकुओकाहून सहज एका दिवसात होतो. युद्धानंतर सुझुत्सुकी, फुयुत्सुकी आणि यानागी या तीन विनाशिकांचे सांगाडे लाटा अडवायला तिथे बसवले. पहिल्या दोन आता दिसत नाहीत, पण यानागीच्या कडेची आकृती काँक्रीटमध्ये ओळखू येते. ही यानागी पहिल्या महायुद्धाच्या काळातली. १९१७ मध्ये ब्रिटनच्या मदतीला जपानने भूमध्य समुद्रात विनाशिका पाठवल्या होत्या, त्यांत ती होती. त्या पथकातल्या साकाकीला पाणतीर लागून ५९ जण गेले, त्यांचं स्मारक माल्टात आहे.

सुझुत्सुकीबद्दल मात्र जाण्याआधी मुलाला सांगून ठेवा. एप्रिल १९४५ मध्ये यामातोबरोबर ती शेवटच्या मोहिमेवर होती. बॉम्बने नाळेकडचा भाग उद्ध्वस्त झाला, पुढे जायला जावं तर पाणी आत घुसे. म्हणून ती उलटी, पिछाडी पुढे करून सासेबोपर्यंत आली. नंतर पुढच्या दारूगोळ्याच्या कोठारात तीन खलाशी मृतावस्थेत सापडले. त्यांनी आतून टेकू लावून पाणी अडवलं होतं आणि हवा संपून गुदमरून गेले. जहाज तरंगत राहिलं त्यात या तिघांचा वाटा आहे. मी तिथे जातो तो त्यांच्यासाठी.

स्टेशनपासून जागा लांब आहे, गाडी किंवा टॅक्सी लागेल.

हिरोशिमाहून कुरेला लोकलने जा. तिथल्या यामातो संग्रहालयात टाइप ९३ पाणतीर ठेवलेला आहे, लांबी नऊ मीटर. शेजारी उभं राहिल्यावरच त्याचा आकार कळतो. उघडण्याच्या तारखा आधी तपासा. कुरेहून बोटीने एताजिमाला जा. जुन्या नौदल प्रबोधिनीत ठरलेल्या वेळी गटाने फिरवतात, माहिती जपानीतून देतात. मॉडेल केलंय त्या युकिकाझेचा नांगर तिथे आहे. १९४७ मध्ये ती भरपाईपोटी चीनला गेली, तान यांग नावाने तैवानच्या नौदलात राहिली आणि मोडीत निघाल्यावर नांगर जपानला परत आला.

पोर्टब्लेअरचा_पाहुणा

एक भर घालतो, कारण इथले बरेच जण अंदमानला जाऊन आलेले असतात. मार्च १९४२ पासून ती बेटं जपानच्या ताब्यात होती. मे १९४५ मध्ये तिथलं सैन्य काढून आणायला हागुरो ही क्रूझर आणि कामिकाझे ही विनाशिका निघाल्या. १६ मेच्या पहाटे मलाक्काच्या सामुद्रधुनीत पाच ब्रिटिश विनाशिकांनी हागुरोला घेरून पाणतिरांनी बुडवलं. कामिकाझे निसटली आणि नंतर परत येऊन तिने वाचलेल्यांना उचललं.

त्याच बेटांवर ३० जानेवारी १९४४ ला हंफ्रेगंजला जपान्यांनी हेरगिरीच्या आरोपावरून ४४ भारतीयांना गोळ्या घातल्या. या जहाजांच्या खलाशांचं धैर्य वाचताना ती कोणाची सत्ता टिकवायला धावत होती, हेही मुलाला कळायला हवं. सेल्युलर जेल बघायला जाणारे हंफ्रेगंजच्या स्मारकापर्यंत क्वचित जातात. तुम्ही गेलात तर नक्की जा.

किनारा

सगळ्यांचे मनापासून आभार, वाचनखूण साठवली आहे. तासाफारोंगाचं वाचून झालं. मुलाचा नवा प्रश्न: रात्रीच्या लढाईत जपान इतका पुढे होता, तर ते बदललं कधी?

दर्यावर्दी

६ ऑगस्ट १९४३ ची रात्र, व्हेला आखात. सहा अमेरिकी विनाशिकांनी रडारवर चार जपानी विनाशिका हेरल्या, आधी तोफांना हातही लावला नाही, फक्त पाणतीर सोडले. हागिकाझे, आराशी, कावाकाझे तिथेच गेल्या. शिगुरे तेवढी सुटली. तानाकांचंच तंत्र, फक्त आता ते दुसऱ्या बाजूच्या हातात होतं. शिगुरेवरून आपल्या विनाशिका-पथकाचं नेतृत्व करणारे तामेइची हारा यांच्या आठवणी इंग्रजीत मिळतात, दहावी झालेल्या मुलाला झेपतील. एकेका जहाजाच्या रोजच्या हालचाली हव्या असतील तर ‘कंबाइन्ड फ्लीट’ हे संकेतस्थळ बघा. त्याला म्हणावं युकिकाझेची नोंद काढ, आणि शेजारी आराशीची उघडून ठेव. दोघी एकाच वर्गातल्या.