मुलाचं वाढलेलं वजन, मानेवरचा काळपटपणा आणि फॅटी लिव्हर – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. माझा मुलगा ११ वर्षांचा आहे. वर्षभरात वजन भराभर वाढलं. मानेच्या मागची आणि काखेतली कातडी काळपट, जाडसर झालीये, हाताला मखमलीसारखी लागते. कितीही घासा, निघत नाही, कारण तो मळ नाहीच. बालरोगतज्ज्ञांनी नाव सांगितलं, अ‍ॅकॅन्थोसिस नायग्रिकन्स. शरीर इन्सुलिनला दाद देईनासं झालं की रक्तातलं इन्सुलिन वाढतं, त्याची ही खूण. मुलग्यांच्या वयानुसारच्या तक्त्यावर त्याचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) ९५ पर्सेंटाइलच्या वर आहे, म्हणजे तक्त्यातल्या त्याच्या वयाच्या शंभरातल्या ९५ मुलांपेक्षा जास्त.

साखर आणि एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर) सध्या नॉर्मल आहे, पण एसजीपीटी (यकृताची रक्ततपासणी) वाढलंय आणि सोनोग्राफीत फॅटी लिव्हर आलंय. एवढ्याशा पोराच्या यकृतात चरबी, हे घरात कुणाला पटतच नाहीये. सासूबाई म्हणतात, उंची वाढली की आपोआप बारीक होईल. त्यात थोडं तथ्य आहे. डॉक्टरही म्हणाले, वाढीच्या वयात उपाशी ठेवायचं नाही. वजन आहे तिथे थांबलं आणि उंची वाढली तरी बीएमआय खाली येतो. पण ते थांबायला रोजचं वागणं बदलायला हवं ना!

खरी काळजी वेगळीच आहे. तो आता कॉलर वर ओढून मान झाकतो. खेळाच्या तासाला नेमकं पोट दुखतं. घरी आलेला प्रत्येक जण "काय सुटलायस रे" म्हणतो आणि तो आत निघून जातो. वजनावरून टोचलेली मुलं बऱ्याचदा उलट लपूनछपून जास्त खातात, म्हणून मला 'वजन' हा शब्दच न काढता सगळ्या घराचं खाणं-झोपणं बदलायचंय. कुणी हे केलंय का? नातेवाइकांना कसं गप्प केलंत?

अजून एक. तो रात्री मोठ्याने घोरतो, मध्येच श्वास अडकल्यासारखा होतो आणि दिवसा पेंगतो. स्लीप अ‍ॅप्नियाची शंका आहे, झोपेची तपासणी सांगितली आहे. मुलांची ही तपासणी कुणी करून घेतली असेल तर रात्रभर वायर लावून मूल झोपतं का, त्याला आधी काय सांगावं, ते लिहा.

रोज ६० मिनिटं हालचाल हवी हे माहीत आहे, पण मैदानावर चिडवतात म्हणून तो जात नाही. एकट्याने किंवा आमच्यासोबत करता येईल असं काय सुचवाल?

कृपया पावडरी, काढे, कडक डाएट नको. पालकांचे आणि लहानपणी यातून गेलेल्यांचे अनुभव हवे आहेत, विशेषतः तेव्हा घरच्यांनी काय बोलायला हवं होतं ते.