मदत हवी आहे: कांथल्लूरला कुठून जावं?

उनाड_पुणेकर: मंडळी, केरळातल्या कांथल्लूरला जायचंय. घरचे चौघं, त्यात आई. तिला सफरचंदं झाडाला लटकलेली बघायचीत. मुन्नारकडून जावं की तमिळनाडूतल्या उदुमलपेटहून? शनिवारच्या आत तिकिटं काढायचीत. नकाशा बघा म्हणू नका, बघितलाय.

घाटवाट: कधी जाताय? रेल्वे, विमान की स्वतःची गाडी? काहीतरी लिहा राव.

हिमालयवेडा: सफरचंदासाठी केरळ? हिमाचलातलं किन्नौर गाठा.

उनाड_पुणेकर: दिवाळीच्या सुट्टीत, आणखी कधी! किन्नौर नकोय.

दक्षिणायन: मग सफरचंदं विसरा. तिथला हंगाम जुलै-ऑगस्टचा, दिवाळीत नुसत्या फांद्या. नोव्हेंबर-डिसेंबरात संत्री असतात. मुंबईची एलटीटी-कोईमतूर एक्सप्रेस पुण्यावरूनच जाते. पुढे उदुमलपेट, चिन्नारचं जंगल, मरयूर आणि तिथून पंधराएक किलोमीटर चढ. जंगल उजेडातच पार करा, हत्ती रस्त्यावर येतात.

घाटवाट: एवढा द्राविडी प्राणायाम कशाला? कोचीपर्यंत विमान, पुढे टॅक्सी. मुन्नार ते मरयूर जेमतेम 40 किमी. आधी चहाचे मळे, मग कुंपणातलं चंदनाचं जंगल.

दक्षिणायन: दिवाळीत तिकडे ईशान्य मोसमी पाऊस असतो. मुन्नारच्या घाटात धुक्यापुढे काही दिसलं तर कळवा. चिन्नार पर्जन्यछायेत आहे.

काकवी: मरयूरचा गूळ आणाच! गुऱ्हाळात काहील उतरली की गरम गूळ हातानेच वळतात, गोळ्यावर बोटं उमटलेली दिसतात. 2019 मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालाय.

रंकाळा: आमच्या कोल्हापुरी गुळाला 2014 लाच मिळालाय. गोळे कसले वळताय, ढेप बघा.

काकवी: चव घेतलीय का कधी?

घाटवाट: गूळवाल्यांनो, वेगळा धागा काढा.

रानफूल: बारा वर्षांनी एकदा फुलणारी तिकडची नीलकुरिंजीची झुडपं 2018 ला फुलली होती, आता थेट 2030.

उनाड_पुणेकर: ते कुणी विचारलं? आईचे गुडघे दुखतात. बागेत फार चढायला लागतं का?

दक्षिणायन: अहो, हे पहिल्याच ओळीत लिहायचं ना! सगळी शेती डोंगरउतारावर, पायऱ्यापायऱ्यांची. मरयूरला जीप ठरवतानाच रस्त्यालगतची बाग हवी म्हणून सांगा. आणि सफरचंदच हवं असेल तर ऑगस्टात जा.

उनाड_पुणेकर: ऑगस्टात पोरांची शाळा आहे हो. संत्री चालतील का, आईला विचारतो.

हिमालयवेडा: किन्नौरचं बघाच एकदा.