शाळेचे पत्रे पोरांकडून उतरवू नका
कुणीतरी सुचवलंय की झेडपी शाळेवरचे जुने सिमेंटचे पत्रे मे महिन्यात गावातली पोरं लावून एका दिवसात उतरवून टाकू. कृपया असं करू नका. अशा जुन्या पत्र्यांत बहुधा अ‍ॅस्बेस्टॉस, म्हणजे बारीक तंतूंचं खनिज, मिसळलेलं असतं. पत्रा धड असेल तर ते सिमेंटमध्ये घट्ट बसलेलं असतं, खरा धोका आपण तो फोडतो, ग्राइंडरने कापतो किंवा शेवाळ काढायला तारेच्या ब्रशने घासतो तेव्हा, ते तंतू डोळ्याला दिसत नाहीत, रुमालाने अडत नाहीत आणि मेसोथेलिओमासारखा (फुप्फुसाच्या आवरणाचा) कॅन्सर कळतो तो २०-४० वर्षांनी. आजचं दुसरीतलं पोरगं तेव्हा ऐन संसारात असेल हो!

काढायचेच तर जाणकार माणसाकडून, पाणी मारून ओले करून, बोल्ट गंजला असेल तर बोल्ट कापा, पत्रा नाही, आणि अख्खा पत्रा खाली घेऊन जाड प्लॅस्टिकमध्ये गुंडाळा. नंतर वर्गात झाडू नको, ओल्या फडक्याने पुसायचं. तुकडे मैदानात भराव म्हणून तर अजिबात टाकू नका.

ब्रिटनमध्ये अ‍ॅस्बेस्टॉसवर १९९९ ला बंदी आली तरी कित्येक शाळांत तो अजून आहे, पण कुठे आणि कशा अवस्थेत याची नोंद ठेवावीच लागते. आपल्याकडे बंदी नसली तरी एवढी वही मुख्याध्यापक उद्यापासून घालू शकतात.