"फ्रीजला अर्थिंग येतंय" हे बरोबर की चूक?

साताऱ्याला आईकडे जुना वाडा आहे, वायरिंग अजून लाकडी पट्ट्यांतलंच. फ्रीजच्या हँडलला ओला हात लागला की झिणझिण्या येतात आणि आई सांगते "फ्रीजला अर्थिंग येतंय, चप्पल घालून उघड". परवा वायरमन आला तर म्हणाला, "तुमच्याकडे अर्थिंगच नाहीये". मग जे नाहीच ते येतंय कसं?

––––

वायरमन बरोबर. अर्थिंग म्हणजे बिघाड झाला तर करंटला जमिनीत जायला दिलेली वाट, आणि आई म्हणतात ते लीकेज, म्हणजे करंटची गळती, त्याला आपल्याकडे "बॉडीला करंट उतरलाय" असा चांगला शब्दप्रयोग आहे, तोच वापरावा. कारण "अर्थिंग येतंय" म्हटलं की ऐकणाऱ्याला वाटतं अर्थिंग आहे, थोडं जास्तच आहे, आणि माणसं वर्षानुवर्षं चप्पल घालून फ्रीज उघडत राहतात. जुन्या घरात फेज (करंट आणणारी) आणि न्यूट्रल (परत नेणारी) दोनच वायरी असायच्या, अर्थची तिसरी नसायची, नंतर थ्री पिनचे बोर्ड बसवले पण वरचं मोठं भोक बऱ्याच ठिकाणी मागून रिकामंच असतं. प्लगची त्या भोकात जाणारी पिन लांब असते ती अर्थ सगळ्यात आधी जोडला जावा आणि सगळ्यात शेवटी सुटावा म्हणून.

आणि कोणी "न्यूट्रलवरून अर्थिंग दिलंय" म्हणालं तर ते लगेच काढून टाका!! मागे कुठे न्यूट्रल तुटला की फ्रीजच्या पत्र्यावर थेट 230 व्होल्ट.

––––

सरकारी शब्द भूसंपर्कन, पण तो बोलण्यात कोणाच्या ऐकला नाही. मला अडतं ते बॉन्डिंगपाशी, म्हणजे धातूच्या वस्तू तारेने एकमेकींना जोडण्यापाशी. पुस्तकी मराठीत समविभव जोडणी म्हणता येईल, पण आमचे जुने वायरमन म्हणायचे "गिझर, नळ, सगळं अर्थला बांधून घ्या", म्हणजे एका वेळी दोन वस्तूंना हात लागला तरी दोघींमध्ये व्होल्टेजचा फरक नको. मी तरी बांधणी म्हणेन. आमच्या मोरीत नळाच्या लोखंडी पाइपाला उघडी जीआय (जस्त चढवलेली लोखंडी) तार गुंडाळलेली होती, तेच घराचं अर्थिंग. मग प्लंबरने खालचा पाइप प्लॅस्टिकचा केला, तार तशीच राहिली आणि अर्थिंग गेलं, कोणाला पत्ताच नाही.

––––

आमच्याकडेही नळाचा पाइप बदललाय!! आत्ताच आईला फोन करून फ्रीजचा प्लग काढायला लावला. उद्या वायरमन 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी (करंटची गळती झाली की लाइन तोडणारा स्विच) बसवणार आणि परसात कोळसा-मीठ घालून अर्थिंगचा नवीन खड्डा करणार.