"देणं फिटलं, विषय संपला"? वधस्तंभावरच्या त्या पोस्टला उत्तर

सावेडीकर
गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी 'पक्का पाया' यांनी इथे लिहिलं होतं: पापाचं देणं होतं, येशूने ते रक्ताने फेडलं, देवाचा कोप शमला, आणि हे ज्याला पटत नाही त्याला वधस्तंभ कळलाच नाही. पुढे आणखी एक वाक्य होतं. त्याला बसलेल्या फटक्यांनी आपण बरे झालो असं जुन्या करारातला यशया ५३ म्हणतो, तेव्हा विश्वासणाऱ्याने आजारपणात रडत बसणं हा वधस्तंभाचा अपमान.

चार दिवस गप्प बसले. आता राहवत नाही.

माझे बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर. आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, गुड फ्रायडेला बारा ते तीन उपासना, येशूचे वधस्तंभावरचे सात उद्गार, सात बोलणारे. चौथा उद्गार बावीस वर्षं बाबांकडे होता. 'एलोई, एलोई, लमा सबख्थनी.' माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास? बाकीच्यांना तो नको असायचा, पहिला नाहीतर सातवा मागून घ्यायचे. बाबा उभे राहिले की आधी तो उद्गार मोठ्याने वाचायचे, चष्मा काढून पुलपिटवर ठेवायचे आणि बराच वेळ काहीच बोलायचे नाहीत. वर पत्रे उन्हाने तडतडत, तेवढाच आवाज. लहानपणी मला वाटायचं, विसरले.

शेवटच्या वर्षी पोटाचा कॅन्सर. वॉर्डात प्रार्थनेला आलेल्या एकाने उशाशी उभं राहून सांगितलं, "सर, कुठेतरी विश्वास कमी पडतोय. दुखणं त्याने वाहून नेलंय, तुम्ही धरून बसलाय." बाबांनी भिंतीकडे तोंड केलं. तो गेल्यावर मला म्हणाले, "मार्क पंधरा काढ. चौतीस वाच." तोच चौथा उद्गार.

म्हणून ती पोस्ट झोंबली.

आता मुद्दा. निकेयाचा विश्वासांगीकार, चौथ्या शतकात ठरलेली श्रद्धेची कबुली, आपण दोघंही म्हणतो. त्यात 'आमच्यासाठी' पंतय पिलाताच्या वेळी वधस्तंभावर खिळला गेला, एवढंच आहे. 'आमच्यासाठी' म्हणजे नेमकं कसं, हे त्यात बांधून टाकलेलं नाही. पहिली हजार वर्षं लोक मुख्यतः मरणावरच्या विजयाबद्दल, सैतानाच्या कैदेतून सोडवून आणण्याबद्दल बोलत. चौथ्या शतकातला बिशप, नीसाचा ग्रेगरी, तर म्हणायचा, सैतानाने माणूस समजून आमिष गिळलं आणि आत देवपणाचा गळ होता. देण्याचा हिशोब नीट मांडला इंग्लंडमधल्या कँटरबरीच्या आर्चबिशप अँसेल्मने, १०९८ च्या सुमारास. तोही कोपाबद्दल नाही, धन्याच्या दुखावलेल्या मानाबद्दल, कारण त्याच्या भोवतीचं जग सरंजामदारांचं होतं. शिक्षा आणि कोर्टाची भाषा पक्की झाली ती सोळाव्या शतकात. तेव्हाचा प्रोटेस्टंट सुधारक कॅल्विन कायदा शिकलेला होता हे विसरू नका. एवढ्या उत्तरांपैकी एक उचलून बाकीच्यांना 'वधस्तंभ कळलाच नाही' म्हणायचा हक्क कोणाला नाही.

पक्का पाया
ताई, तुमच्या वडिलांबद्दल वाईट वाटलं. मनापासून. पण अँसेल्मचं नाव घेतलं म्हणून शास्त्र बदलत नाही. यशया ५३ अँसेल्मने लिहिला? रोमकरांस पत्र ३:२५ कॅल्विनने लिहिलं? रक्त सांडल्यावाचून क्षमा नाही, इब्री ९:२२. पौलाचं कलस्सैकरांस पत्र, २:१४ उघडा: आपल्याविरुद्धचा लेख खोडला आणि वधस्तंभाला खिळून टाकला.

तुम्हाला हिशोबाची भाषा थंड वाटते, कारण तुम्ही कर्ज पाहिलेलं नाही. माझ्या वडिलांनी बीड जिल्ह्यात सावकाराकडून उचल घेतली होती. तो मोटारसायकल लांब उभी करून चालत यायचा, आई चूल विझवायची, घरात कोणी नाही असं वाटावं म्हणून. आम्ही भावंडं अंधारात श्वास धरून. पुढे मामाने जमीन विकून पैसे भरले. वडिलांनी तो कागद फाडला नाही, घडी करून देवघरात ठेवला, तेव्हा आम्ही हिंदू होतो. मी बावीस वर्षांचा असताना एका पाळकाने कलस्सै वाचलं आणि मला तो कागद दिसला. तुम्ही म्हणता हे अनेकांतलं एक उत्तर. मला त्यानेच माणसात आणलं.

गावठाणवाली
दोघांचं चालू द्या, पण आधी 'वधस्तंभ' हा शब्द बाजूला ठेवा. आम्ही वांद्र्याचे लोक क्रूस म्हणतो, वसईचेही क्रूस म्हणतात. वधस्तंभ म्हटलं की डोळ्यांसमोर फाशीचा खांब येतो, प्रार्थना येत नाही.

आणि तुमच्या प्रोटेस्टंट चर्चमधला क्रूस रिकामा असतो, त्यावर येशूची मूर्ती नसते. मग त्याच्या वेदनेवर एवढं बोलता कसं?

सरळरेघ
शब्दाचा विषय निघालाच आहे तर. 'स्तंभ' चूकच आहे. यहोवाचे साक्षीदार या पंथाचे लोक दारात येऊन हेच सांगतात की ग्रीक 'स्टॉरोस' म्हणजे नुसता उभा खांब, आडवी फळी नंतरची. मूळ अर्थ खांब हे खरं, पण रोमनांच्या काळात आडवी तुळई कैद्याच्या खांद्यावर देऊन नेत. तीच उचलून येशू चालला, तीच कुरेनेकर शिमोनाने उचलली. रोममधल्या पॅलाटाइन टेकडीवर भिंतीवर कोरलेलं चित्र सापडलंय, साधारण इ.स. २०० चं: गाढवाच्या तोंडाचा माणूस क्रूसावर, खाली कोणी अलेक्झामेनोस हात उचलून उभा, आणि लिहिलंय की अलेक्झामेनोस आपल्या देवाची पूजा करतोय. कुणीतरी टिंगल केलेली, पण फळी आडवी आहे. भाषांतरकारांनी 'क्रूस' ठेवला असता तर काय बिघडलं असतं? 'आपला वधस्तंभ उचलून' असं वाचतो तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर देवळाचा खांब खांद्यावर घेतलेला माणूस येतो.

पक्का पाया
@गावठाणवाली आमचा रिकामा आहे कारण तो उठला. आणि क्रूसाला झेंडूचे हार, उदबत्ती, समोर गुडघे टेकून लदीन, म्हणजे ती तुमची विनवणीची प्रार्थना, याला काय म्हणायचं? लाकडाला नमस्कार करणं सोडून मी ख्रिस्ताकडे आलो. तेच परत करू?

गावठाणवाली
तोंड सांभाळून बोला. आमच्या गल्लीच्या तोंडाशी दगडी क्रूस आहे, १८९६ च्या प्लेगातला. मुंबईच्या गावठाणांत असे पुष्कळ आहेत. माझी आजी तिच्या आजीकडून ऐकलेलं सांगायची: घराघरात ताप, एकत्र जमायची भीती, मयताला खांदा द्यायला माणूस नाही. तेव्हा लोकांनी उघड्यावर क्रूस उभारला आणि आपापल्या पायरीवर उभं राहून प्रार्थना केली. त्यांनी तिथे रिकामी फळी उभारली असती तर चाललं असतं का? ज्याच्या घरात मयत पडलंय त्याला शुक्रवारीच रविवार दाखवू नका. हेच तर ही बाई वर सांगतेय ना?

३ मेला आम्ही तिथे लदीन म्हणतो. कॉन्स्टंटाइन बादशहाच्या आईला, हेलेनाला, येशूचा क्रूस सापडल्याचा तो सण. रोमने १९६० साली पंचांगातून काढला, १४ सप्टेंबरचा ठेवला, आम्ही दोन्ही पाळतो. दगडाला पायापासून चुना आम्ही स्वतः लावतो, आडव्या हातावरचं मेण सुरीने खरवडतो. दोन वर्षांपूर्वी त्यावर रस्तारुंदीची नोटीस चिकटवली. बेकायदा बांधकाम म्हणे. सव्वाशे वर्षांचं! कागदपत्रं मागितली. प्लेगात मेलेल्यांनी कुठल्या कचेरीत अर्ज करायचा होता? आम्ही बारा बायका जुने नकाशे घेऊन हेलपाटे घालत होतो, तेव्हा रिकाम्या क्रूसवाल्यांपैकी एकही आला नाही.

सरळरेघ
नकाशात क्रूस दाखवला होता का? जुन्या सर्व्हेच्या पत्रकांवर अशा खुणा असतात.

गावठाणवाली
होता. त्यावरच तो वाचला. अजून उभा आहे, पण चहूबाजूंनी मोटारी लावतात. एकाने तर आडव्या हाताला हेल्मेट अडकवलं होतं. मी काढून त्याच्या सीटवर ठेवलं.

पक्का पाया
नोटिशीचं चूकच झालं. आम्ही यायला हवं होतं. हाराबद्दल माझं मत तेच आहे.

वेशीपल्याड
मी ख्रिस्ती नाही. आमच्या आजोबांनी १९५६ ला नागपुरात दीक्षा घेतली, त्यांचे चुलतभाऊ ख्रिस्तीच राहिले, त्यामुळे दोन्ही घरं जवळून पाहिलीत. मेण आणि मान यांच्या गप्पा झाल्या असतील तर एक विचारतो. सोसणं पवित्र आहे हे शिकवून कुणाचा फायदा झाला?

माझ्या चुलत बहिणीला नवरा मारायचा. ओठ फुटलेला घेऊन ती पाळकाच्या घरी गेली. त्याने पाणी दिलं, प्रार्थना केली, म्हणाला, "हा तुझा वधस्तंभ आहे, उचल." रिक्षात बसवून परत पाठवली. सहा वर्षं उचलला. मग एका रात्री मी आणि माझ्या भावाने जाऊन तिला आणली. ज्यांना पिढ्यान् पिढ्या सोसायलाच लावलं त्यांच्या गळ्यात सोसण्याची खूण बांधायची हे मला आजही कळत नाही.

सावेडीकर
@वेशीपल्याड त्या पाळकाने जे केलं त्याला माझ्याकडे बचाव नाही. ते वाक्य मी पण ऐकलंय, आमच्याकडच्या बायकांना नेहमी ऐकवतात.

पण येशूने 'आपला वधस्तंभ उचलून मला अनुसरावे' म्हटलं तेव्हा ऐकणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर काय येत असेल ते बघा. स्पार्टाकसचं बंड मोडल्यावर, इ.स.पू. ७१ मध्ये, कापुआ ते रोम या रस्त्यावर सहा हजार गुलामांना असंच टांगलं होतं. ही शिक्षा गुलामांची, बंडखोरांची. रोमन वक्ता किकेरो (सिसेरो) म्हणतो, रोमन नागरिकाच्या डोळ्यांना, कानांनाच काय, विचारालाही 'क्रूस' हा शब्द शिवू नये. शिवू नये! मराठीत हे वाक्य वाचताना तुम्हाला वेगळं सांगायला नको. ती तुळई ज्याच्या खांद्यावर यायची त्याने सत्तेला नाही म्हटलेलं असायचं. घरात मार खाणाऱ्या बाईने मुकाट राहावं, असा अर्थ त्यातून निघतच नाही.

आणि इब्री १३:१२. येशूने कुठे दुःख सोसलं? आपल्या मराठी बायबलात शब्द आहे 'वेशीबाहेर'. माझे पणजोबा दुष्काळात मिशनकडे आले. लोक म्हणतात भाकरीसाठी आले. आलेही असतील, पोट होतं त्यांना. पण त्यांचं घर गावाच्या वेशीबाहेर होतं, आणि त्यांना कुणीतरी वाचून दाखवलं की देव मेला तो आत, देवळाशी नाही, तुझ्या बाजूला मेला. पुढची ओळ म्हणते, आपणही त्याची अप्रतिष्ठा सोशीत बाहेर त्याच्याकडे जाऊ. मला वधस्तंभाचा अर्थ विचाराल तर हा. देवाने स्वतःची जागा कुठे निवडली ते.

पक्का पाया
ताई, त्याच ओळीत 'स्वतःच्या रक्ताने लोकांना पवित्र करावे म्हणून' असं आहे. वेस घेतलीत, रक्त सोडलंत. मी असं केलं असतं तर तुम्ही मला सोडलं नसतं.

सावेडीकर
बरोबर. सोडायला नको होतं. रक्त त्यात आहे, आणि ते फक्त अँसेल्मचं नाही हेही मान्य.

मग तुम्हीही कलस्सै २:१४ वर थांबू नका, एक ओळ पुढे जा. १५ मध्ये पौल कागद सोडून सरळ विजयाच्या मिरवणुकीत जातो: सत्ता आणि अधिकार यांची शस्त्रं काढून घेतली, त्यांचं उघड प्रदर्शन केलं. पौलाला एका चित्रात मावत नव्हतं. कोर्ट आहे, गुलामांचा बाजार आहे, मंदिरातलं अर्पण आहे, रणांगण आहे. तुमच्या वडिलांचा कागद त्यात आहे. माझ्या पणजोबांची वेसही आहे.

वेशीपल्याड
'बाजूला मेला' हे ऐकायला चांगलं आहे. पण मेला. आम्हाला बाजूने लढणारा हवा होता, तो १९५६ ला भेटला. तुमचे पणजोबा ख्रिस्ती झाल्यावर त्यांना गावाच्या विहिरीवर पाणी भरू दिलं का?

सावेडीकर
नाही. मंडळीतसुद्धा बसायच्या जागा वेगळ्या होत्या, आजी सांगायची. त्याला उत्तर नाही माझ्याकडे.

पक्का पाया
इथे मी वेशीपल्याड यांच्याशी वाद घालणार नाही.

सावेडीकर ताई, आजारपणाचं वाक्य मी माझ्या पोस्टमधून काढलंय. बघून घ्या. बाकी एक शब्द काढणार नाही, देणं होतं आणि ते फिटलं. आणि चौथ्या उद्गाराबद्दल एक: ते स्तोत्र २२ चं पहिलं वाक्य आहे, त्या स्तोत्राचा शेवट स्तुतीत होतो. येशूला शेवट माहीत होता.

सावेडीकर
वाक्य काढलंत, आभार.

स्तोत्र २२ बाबांना तोंडपाठ होतं, ते आम्हालाही पाठ करायला लावायचे. पण त्यांचं म्हणणं असं की मार्कने पहिलंच वाक्य लिहिलं, पुढचं लिहिलं नाही, तेव्हा आपण घाईने पुढे पळायचं नाही. जवळ उभे होते त्यांना ते वाक्यही नीट ऐकू आलं नाही, त्यांना वाटलं एलियाला हाक मारतोय. मग कुणी आंब भरलेला स्पंज आणला. वरून उत्तर आलेलं मार्कने लिहिलेलं नाही. "त्याला मिळालं नाही ते मी इथे उभा राहून तुम्हाला कुठून देऊ?" एवढं म्हणून ते चष्मा लावायचे आणि जागेवर जाऊन बसायचे. पाच मिनिटंसुद्धा नाही. बाकीचे वीस वीस मिनिटं बोलत.

त्यांचं बायबल आता माझ्याकडे आहे. सगळीकडे समासात बारीक अक्षरात टिपा, रोमकरांसच्या पत्रात तर मजकूर दिसत नाही इतक्या. मार्क १५:३४ च्या शेजारी टीप नाही. फक्त सालं, पेन्सिलीने, एकाखाली एक. मी मोजली, तेवीस भरली. शेवटचं साल त्यांनी वॉर्डात लिहिलंय, आकडा वाकडा आलाय. त्या वर्षी ते बोलायला उभे राहिलेच नव्हते.