मदत हवी आहे: हाताने ताणून तळायचा पोर्तुगीज मालासादा, कडा आतून कच्च्या राहतात

नमस्कार. मी मॅसॅच्युसेट्समध्ये फॉल रिव्हरजवळ राहते. या भागात पोर्तुगालच्या अझोरेस बेटांवरून, त्यातही साऊँ मिगेल बेटावरून आलेली पोर्तुगीज कुटुंबं पुष्कळ आहेत. त्यामुळे इथल्या बेकऱ्यांत आणि उन्हाळ्यातल्या चर्चच्या जत्रांत मालासादा मिळतो. अंडी, दूध, लोणी घातलेलं यीस्टचं पीठ, तळून वर नुसती साखर. भोक नाही, सारण नाही. मधे पातळ, कडेला फुगीर, आकार कसाही. मला हाच करायचा आहे.

हे आधीच सांगते, कारण शोधलं की बहुतेक कृती हवाईच्या निघतात. १८७८ मध्ये पोर्तुगालच्याच मदेरा बेटाची माणसं 'प्रिसिला' जहाजातून उसाच्या मळ्यांवर कामाला होनोलुलूला गेली, पुढे अझोरेसचीही गेली, आणि मालासादा तिथलाच झाला. तिथला मालासादा गोल गुबगुबीत असतो, आत कस्टर्डही भरतात. चांगलाच लागतो, पण त्याचं पीठ ताणावं लागत नाही आणि माझं घोडं नेमकं तिथेच अडलंय.

माझं प्रमाण: ५०० ग्रॅम मैदा (इथला ऑल पर्पज), ३ अंडी, २०० मिली कोमट दूध, ६० ग्रॅम लोणी, ६० ग्रॅम साखर, ७ ग्रॅम इन्स्टंट यीस्ट, पाऊण चमचा मीठ, एका पिवळ्या लिंबाची किसलेली साल. लोणी सगळ्यात शेवटी, थोडंथोडं. मिक्सरच्या हुकने पीठ भांड्याच्या कडा सोडेपर्यंत मळते. दीड तासात दुप्पट होतं. इथवर सगळं छान.

मग पीठ पुन्हा जरा मळून घेते, गोळे करते आणि ताणायला जाते, तर ते रबरासारखं मागे येतं. जोर लावला की मधे फाटतं. तेलात टाकल्यावर कडा मिनिटभरात तांबूस होतात, पण तोडून बघावं तर आत ओलं, चिकट पीठ. आच कमी केली की तेल पितात. कढई बिडाची आहे, थर्मामीटर अजून घेतलेला नाही.

शेजारच्या पोर्तुगीज आजींना विचारलं. त्या मापं सांगतच नाहीत, पीठ हाताला चिकटलं पाहिजे एवढंच म्हणतात. पूर्वी बायका गुडघ्यावर स्वच्छ कापड पसरून त्यावर पीठ ताणायच्या, हेही त्यांच्याकडूनच कळलं. तर प्रश्न असे: गोळे करून पुन्हा फुगवायचे, की ताणल्यानंतर? ब्रेड फ्लावर (पावासाठीचा मैदा) वापरला तर पीठ फाटणार नाही का? आणि तेलाचा अंदाज कसा घ्यायचा?

प्रतिसाद

ताई, प्रमाण उत्तम आहे, त्याला हात लावू नका. फुगल्यानंतर पुन्हा मळता ते बंद करा. मळलं की ग्लुटेन (पिठाला चिवटपणा देणारं प्रथिन) आवळतं आणि सैल पडायला त्याला वेळ लागतो. ओट्यालाही तेल लावून पीठ अलगद काढा, साठेक ग्रॅमचे तुकडे कापा, कडा खाली दुमडून गोळे करा. तेलाचा हात फिरवून झाकून ३० ते ४० मिनिटं ठेवा. म्हणजे गोळे करून फुगवायचे, ताणल्यावर नाही. ताणलेला थेट तेलात.

ताणताना बोटं दुधात बुडवा. गोळा बोटांच्या टोकांवर घेऊन गोल फिरवत मधून उघडत न्या. पुरीसारखा थापू किंवा लाटू नका, फुगलेली सगळी हवा निघून जाते. मधला भाग प्रकाश दिसेल इतका पातळ हवा आणि कड बोटाएवढीच जाड. तुमच्या कडा त्याहून जाड राहत असणार, कारण पीठ मागे येत होतं.

ब्रेड फ्लावर नको. त्यात प्रथिनं जास्त असतात, पीठ आणखी मागे खेचेल. (भारतात करणाऱ्यांसाठी: आपला मैदा बहुधा कमी दूध घेतो. मी पुण्यात १६० मिलीपासून सुरू करते आणि लागेल तसं वाढवते.)

रंगावर जाऊ नका. दूध, अंडी, साखर असलेलं पीठ आत शिजायच्या आधीच लाल होतं. तेल १७५ अंश सेल्सियसच्या आसपास ठेवा. १९० च्या वर गेलं की कच्चं राहतं, १६० च्या खाली आलं की तेल पितं. बिडाची कढई उष्णता धरून ठेवते, आच कमी केली तरी तेल लगेच उतरत नाही, त्यामुळे अंदाज फसतो. थर्मामीटर घ्याच. एका वेळी दोनच सोडा, प्रत्येक बाजू साधारण दीड मिनिट.

प्रतिसाद

मी म्हापशाची. आमचा कार्निव्हल राखेच्या बुधवारच्या आदल्या दिवशी संपतो, आणि अझोरेसमध्ये मालासादांचा खरा दिवस तोच मंगळवार. पुढे बुधवारपासून ईस्टरपर्यंत ख्रिस्ती उपवासकाळ, त्याआधी घरातली चरबी आणि साखर संपवायची. आमच्या घरी मालासादा कधीच झाला नाही, केळ्याचे फिलोस (गोड भजी) होतात, पण ते सैल पिठाचे.

साखरेबद्दल सांगते. तळून काढल्यावर जाळीवर मिनिटभर निथळू द्या, मग घोळवा. लगेच घोळवले तर साखर तेलाने ओली होते, गार झाल्यावर चिकटत नाही. साखर दाणेदारच घ्या, पिठीसाखर विरघळून जाते. मदेरात यावर उसाची काकवी घालतात, तीही करून बघा. आणि केल्या केल्या खा, दुसऱ्या दिवशी मजा नाही.

धागाकर्ती

दोघींचे मनापासून आभार! थर्मामीटर आणला. माझ्या नेहमीच्या आचेवर तेल २०० च्या वर जात होतं. गोळे ४० मिनिटं ठेवल्यावर पीठ मागे आलं नाही, दुधाचा हात लावून सहज ताणलं गेलं. कडा आतून कोरड्या, जाळीदार. आजींना नेऊन दिले, त्यांनी अजून थोडं चिकट कर असं सांगितलं. पुढच्या वेळी दूध २० मिली वाढवते.

एकच राहिलं. सकाळी गरम खायला घालायचे तर पीठ रात्री फ्रिजमध्ये ठेवलं तर चालेल का?

प्रतिसाद

चालेल, चवही वाढते. मळून झाल्यावर अर्धा तास बाहेर, मग झाकून १० ते १२ तास फ्रिजमध्ये. सकाळी गार असतानाच गोळे करा, चिकटपणा त्रास देत नाही. मात्र ताणायच्या आधी तास-दीड तास बाहेर ठेवा. गोळा मधून गार असेल तर पुन्हा फाटेल आणि तेलही एकदम उतरेल.